सुदानकडे लक्ष टिकवावयाचे ते कसे?

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानच्या राजधानीत, खार्तुम येथे, त्या देशाचे सैन्य आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध जुंपले. आरंभी जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यास मोठे मथळे दिले, कारण परदेशी नागरिक तेथे अडकले होते. भारत सरकारनेही 'ऑपरेशन कावेरी' योजून आपली माणसे सुखरूप आणली. परके लोक घरी पोहोचले आणि मथळे ओसरले. युद्ध ओसरले नाही. एक कोटीहून अधिक माणसे घरादारास मुकली. ऑगस्ट २०२४ मध्ये दार्फुरमधील झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचे जाहीर झाले. तो पावसाअभावी नव्हे, वेढ्यामुळे अन्न पोहोचेना म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच भागातील अल फशर शहर दीर्घ वेढ्यानंतर पडले.

इतक्या दूरच्या लोकांकडे आपण नुसते पाहत राहून काय होणार, असे वाचक म्हणतील. पण त्या पाहण्यावर तेथील चुली अवलंबून आहेत. मोहल्ल्यांतील तरुणांनी 'आपत्कालीन कक्ष' स्थापून अन्नछत्रे चालविली. तिकडे अन्नछत्रास 'तकिया' म्हणतात. आपल्याकडे फकिराच्या ठिकाणास म्हणतात, तोच हा शब्द. परदेशस्थ सुदानी बांधव समाजमाध्यमांवर रोजची हकीकत मांडीत, पैसा गोळा करीत आणि बँकेच्या मोबाइल अ‍ॅपवरून तो पाठवीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील दूरसंचार बंद पडला, तेव्हा कित्येक अन्नछत्रे थांबली. २०२५ च्या आरंभी अमेरिकेची मदत गोठविली गेली, तेव्हा आणखी शेकडो बंद झाली.

'कीप आइज ऑन सुदान', म्हणजे सुदानवरून दृष्टी हलवू नका, ही हाक ह्याच लोकांची. दृष्टी टिकणे कठीण, हे त्यांनी पूर्वीच अनुभविले होते. जून २०१९ मध्ये खार्तुमच्या शांततामय धरण्यावर सैनिकांनी हल्ला केला. त्यात मारल्या गेलेल्या एका तरुणास निळा रंग प्रिय होता, म्हणून जगभर असंख्य लोकांनी आपल्या छायाचित्राच्या जागी निळा रंग लावला. त्यांस आम्ही हसत नाही. पुष्कळांस सुदानचे नाव तेव्हाच कळले. परंतु त्याच दिवसांत एका इन्स्टाग्राम खात्याने, आमचा मजकूर पुढे पाठवा म्हणजे सुदानी मुलांस जेवण देऊ, असे सांगून लाखो अनुयायी जमविले. एकाही मुलास जेवण पोहोचल्याचा पुरावा निघाला नाही. कळवळा खरा होता, चौकशी कोणी केली नाही.

यास्तव ज्या सभासद कुटुंबांत मोबाइल आहे, त्यांनी आठवड्यातील एक वार ठरवून सुदानची एकच बातमी आप्तेष्टांस पाठवावी, असे आम्ही सुचवितो. तीत स्थळ व तारीख असावी, आणि ती कोणी दिली हेही असावे. प्रेतांची चित्रे पाठवू नयेत. पाहणारा तोंड फिरवितो आणि पुढची बातमी उघडीतच नाही. बातमी शोधताना दक्षिण सुदान हा २०११ पासून निराळा देश आहे, हेही ध्यानात असू द्यावे. दोहोंची सरमिसळ वारंवार होते.