कुंडीतील टोमॅटो : कीड की पाण्याचा ताण?

जबलपूर परिसरात उन्हाचा चटका वाढू लागला, की गच्चीवरील टोमॅटोची फळे बुडाशी काळी पडू लागतात. अशी फळे घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : कोणते कीटकनाशक फवारावे? कीटकशास्त्रज्ञ म्हणून उत्तर द्यावे लागते : कोणतेही नाही.

निदान : देठाच्या विरुद्ध टोकावरील खोलगट, चामड्यासारखा काळा डाग म्हणजे ‘ब्लॉसम एंड रॉट’ हा विकार होय. फळ कापून पाहावे. अळी, विष्ठा वा छिद्र नसल्यास फवारणीचा विचार सोडावा. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते व बाष्पोत्सर्जन अधिक असलेल्या पानांकडे वळते. कुंडी कधी कोरडी, कधी चिंब राहिल्यास ते फळाच्या टोकापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणूनच मातीत कॅल्शियम असूनही हा विकार दिसतो.

माती : केवळ काळी माती भरू नये. सुकल्यावर ती आकसते, कडेला भेग पडते आणि पाणी मुळे न भिजवताच तळातून निघून जाते. माती, कुजलेले शेणखत व कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. एका रोपास १५ ते २० लिटरची, तळाशी छिद्रे असलेली कुंडी द्यावी.

पाणी : बोट ५ सेंटिमीटर खोल घालून पाहावे. कोरडे लागल्यास सकाळी सावकाश, दोन टप्प्यांत पाणी द्यावे. कडक उन्हात सायंकाळी पुन्हा तपासावे. पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास वाफसा टिकतो. बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे; त्यात एडिस डासाची पैदास होते.

लाल कोळी : उष्ण, कोरड्या हवेत ताण बसलेल्या झाडावर कोळी झपाट्याने वाढतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. हलणारे ठिपके दिसल्यास पानांच्या खालच्या बाजूस सकाळी पाण्याचा फवारा मारावा. कोळी हा कीटक नव्हे. सरसकट कीटकनाशकाने त्याचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि प्रादुर्भाव उलट वाढतो.

घरातील मूल ज्या झाडाचा टोमॅटो तोडून थेट तोंडात घालते, तेथे अनावश्यक फवारणीची किंमत मोठी आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी सल्ला देताना आधी माती पाहावी, मग फळ कापावे; औषधाचे नाव त्यानंतरच घ्यावे.