ड्रोनवरील नाव-पत्ता : एक विचार

भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत जुनी आहे. लग्नकार्यात शेजारी गेलेले पातेले त्या नावामुळेच घरी परत येते. छंद म्हणून ड्रोन उडविणाऱ्या विद्यार्थिमित्रांनीही हीच रीत उचलावी, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

ड्रोन हरवण्यास जोराचा वारा, संपत आलेली बॅटरी किंवा मध्येच तुटलेला संपर्क पुरेसा होतो. रावेर-यावलकडील केळीच्या बागेत अथवा धुळ्याकडील उभ्या कपाशीत तो पडला, तर बांधावरून दिसत नाही. पुढे तो सापडतो पाणी भरणाऱ्या सालदाराला किंवा निंदणाऱ्या बाईला. "हाई काय शे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर ड्रोनवरच असले पाहिजे.

आपल्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये नोंदणीची व विशिष्ट ओळख क्रमांकाची तरतूद आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०१९ पासून नोंदणी क्रमांक ड्रोनच्या बाहेरील बाजूस लिहावा लागतो. असा क्रमांक तपासाला उपयोगी खरा. परंतु केवळ त्यावरून सालदाराला मालक सापडत नाही.

याबाबतीत पक्ष्यांच्या पायांतील कड्यांचे उदाहरण बोलके आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कड्यावर क्रमांक असतो आणि संस्थेला कळवावे अशी सूचनाही असते. तापीवरील हतनूर जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. असे कडे घातलेला पक्षी कोणाला सापडला, तर कोठे कळवायचे हे तो पक्षीच सांगतो. क्रमांक आणि विनंती या दोन्ही गोष्टी हव्यात, हा त्यातील धडा होय.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्हा व मराठवाड्यातील अनेक गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते. अशा वेळी निनावी यंत्र सापडले की चोराचा संशय येतो, आणि ज्याला ते सापडले तोही अडचणीत येण्याच्या भीतीने ते लपवतो किंवा फेकून देतो.

म्हणून पट्टी मराठीत, ठळक अक्षरांत असावी. नाव, गाव, स्वतःचा व घरातील आणखी एकाचा मोबाइल क्रमांक आणि "सापडल्यास कृपया कळवावे, बॅटरीला हात लावू नये" एवढा मजकूर पुरे. दबलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ही सूचना आवश्यक आहे. आपटल्यावर बॅटरी निखळून पडते. तेव्हा पट्टी तिच्यावर न लावता मुख्य सांगाड्यावर लावावी. ड्रोन उलटाही पडतो, यास्तव एक पट्टी वर व एक खाली असावी. न पुसणारी शाई वापरून वर पारदर्शक चिकटपट्टी लावल्यास पाण्याने अक्षरे जात नाहीत. पंखे, कॅमेरा व हवेची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत.

ड्रोन दुसऱ्याच्या पिकात पडला, तर नुकसानही त्याचेच होते. नाव लिहिणारा ते भरून देण्यास बांधला जातो. माझ्या मते, वस्तू परत मिळण्याइतकेच हेही महत्त्वाचे आहे.