पूरछावणीतली फिरती लाँड्री



जिथे कपडे धुण्याची नेहमीची सोय मोडून पडली आहे, तिथे पाणी, यंत्रे, इंधन आणि माणसे नेऊन ती तात्पुरती उभी करणे, हे फिरत्या लाँड्रीचे काम. महाराष्ट्रात तिची मोठी गरज पुराच्या छावणीत भासते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरामुळे सांगली-कोल्हापूर भागातील लाखो लोकांना घर सोडावे लागले. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत-दुकानांत शिरले आणि ओसरताना गाळ मागे ठेवून गेले. अशा वेळी अन्न, औषधे आणि पिण्याचे पाणी यांची व्यवस्था आधी होते, आणि ते योग्यच आहे. कपड्यांचा विचार मात्र वाटपापाशी थांबतो. वाटलेले कपडे दोन दिवसांत मळतात, आणि धुतले तर अजून काही वर्षे सहज टिकले असते असे घरचे कपडे गाळात कुजून जातात. लग्नातली साडी, शाळेचा गणवेश, म्हाताऱ्या माणसाची सवयीची गोधडी या वस्तू मदतीच्या ट्रकमधून येत नाहीत. त्या वाचवून ज्याच्या त्याला परत देणे आणि छावणीतला आजार कपड्यांवाटे पसरू न देणे, असे लाँड्रीचे दोन हेतू आहेत. पुढची प्रत्येक गोष्ट त्यांवरून ठरते.

या कामाचे मोल युद्धांनी आधी दाखवून दिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथे जखमींचे कपडे धुण्याची धड सोय नव्हती. त्यांनी जवळच एक घर भाड्याने घेतले, पाणी तापवण्याचे बंब बसवले आणि सैनिकांच्या बायकांना पगार देऊन धुलाईवर नेमले. १९०९ मध्ये ट्युनिस येथे शार्ल निकोल यांनी टायफसचा ताप अंगावरच्या उवांमुळे पसरतो हे सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात. त्यामुळे पहिल्या महायुद्धात आघाडीच्या मागे सैनिकांसाठी स्नानगृहे आणि धुलाईखाने एकत्र उभारले गेले. पूरछावणीत मुख्य धोका खरूज, नायटा आणि अतिसाराचा असतो, पण उपाय तोच आहे: अंग आणि कपडे दोन्ही स्वच्छ हवेत.

आखणीची सुरुवात पाण्यापासून करावी. तीनशे माणसांच्या छावणीत माणशी रोज एक किलो कपडे धरले, तर दिवसाला ३०० किलो होतात. मोठ्या यंत्रात किलोमागे १५ ते २० लिटर पाणी लागते, म्हणजे साडेचार ते सहा हजार लिटर. गाळ काढण्याची पहिली धुणी यात धरलेली नाही. ती धरली की रोज दहा हजार लिटरचा एक टँकर हवा. इतक्या पाण्याची रोजची हमी नसेल, तर यंत्रे कमी न्यावीत. पिण्याच्या पाण्यातून लाँड्रीचे पाणी कधीही काढू नये. विहिरीचे किंवा ओढ्याचे गढूळ पाणी टाकीत तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि वरचे नितळ पाणी घ्यावे. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तिथे साबणाऐवजी डिटर्जंट आणि थोडा धुण्याचा सोडा वापरावा.

जागा उंचावरची, टँकर पोचेल अशी आणि विहिरीपासून किमान ३० मीटर दूर असावी. आखणीत एकच नियम काटेकोर पाळावा लागतो: मळक्या कपड्यांची आणि स्वच्छ कपड्यांची वाट एकमेकींना कुठेही छेदता कामा नये. कपडे एका टोकाने आत यावेत, धुऊन-वाळून दुसऱ्या टोकाने बाहेर पडावेत. मळक्या बाजूच्या टोपल्या, टेबले आणि हातमोजे स्वच्छ बाजूला जाऊ नयेत. त्यांचे रंगच वेगळे ठेवले तर चूक लगेच डोळ्यांत भरते. शाळेचा लांब व्हरांडा किंवा मंगल कार्यालयाची पडवी या रचनेला चांगली सोयीची असते.

एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन-तीन मध्यम यंत्रे बरी. १५ किलोच्या यंत्रात तासाला एक खेप धरली, तर दहा तासांत दीडशे किलो कपडे होतात. तीनशे किलोंना दोन यंत्रे पुरतात, आणि तिसरे असले की एक बिघडले तरी काम थांबत नाही. यंत्रे पायाला बोल्टने जखडावी लागणाऱ्या जातीची नसावीत. ज्यांचा ड्रम स्प्रिंगवर तोललेला असतो ती घ्यावीत. खाली जाड फळ्या टाकून लेव्हल पाहावी. जनरेटरची क्षमता यंत्रांच्या चालू भारावरून ठरवू नये, कारण मोटर सुरू होताना काही क्षण कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. सगळी यंत्रे एकदम सुरू करू नयेत. ओल्या जमिनीवर काम असल्याने अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-सुरक्षा स्विच यांशिवाय एकही यंत्र जोडू नये. जनरेटरचा धूर प्राणघातक असतो, म्हणून तो तंबू आणि खोल्यांपासून दूर, वारा पलीकडे जाईल असा ठेवावा.

पाणी विजेवर तापवणे परवडत नाही. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास साडेचार युनिटांहून जास्त ऊर्जा लागते. तीनशे किलो कपड्यांच्या मुख्य धुणीला सुमारे दीड हजार लिटर गरम पाणी धरले, तर हा खर्च रोज सत्तर युनिटांवर जातो. त्यापेक्षा गॅसचा बंब ठेवावा. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधली निम्मी उष्णता वाया गेली, तरी उरलेली या कामाला दीड दिवसाहून अधिक पुरते.

कपडे घेताना खुणेची पद्धत पक्की हवी. परीट पूर्वी बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करीत, आणि ती कितीही धुण्यांत जात नसे. बिब्बा अंगावर उततो, म्हणून तो आता वापरू नये. पण त्या पद्धतीतली काळजी घ्यावी. छावणीसाठी जाळीच्या पिशव्या उत्तम. एका कुटुंबाला एक क्रमांकाची पिशवी द्यावी, कपडे तिच्यातच धुवावेत आणि त्याच क्रमांकाच्या दोरीवर वाळत घालावेत. पिशवी दोन-तृतीयांशाहून जास्त भरली, तर आतले कपडे हलत नाहीत आणि मळ निघत नाही. घेताना नग मोजून वहीत लिहावेत आणि तोच आकडा चिठ्ठीवर द्यावा. ज्याचे घर वाहून गेले, त्याचा एक सदरा हरवणे ही क्षुल्लक बाब नव्हे. त्याच्यापाशी उरलेल्या मोजक्या वस्तूंपैकी ती एक असते.

त्यानंतर कपडे निवडावेत. गाळाने माखलेले, नुसते मळलेले आणि आजाऱ्याचे असे तीन गठ्ठे वेगळे करावेत. गाळाचे कपडे थेट यंत्रात घातले, तर पंप आणि बेअरिंग निकामी होतात. ते आधी टाक्यांत थंड पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत खळबळावेत. रक्ताचे आणि विष्ठेचे डागही आधी थंड पाण्यातच काढावेत, गरम पाण्याने ते धाग्यात पक्के बसतात. रेशमी आणि जरीच्या साड्या यंत्रात घालू नयेत: स्वच्छ थंड पाण्यातून अलगद काढून सावलीत पसराव्यात आणि पुढचे काम जाणकारावर सोपवावे. गोधड्या आणि जाड चादरी पाणी पिऊन जड होतात. त्या मोठ्या टाक्यात पायाने तुडवून धुवाव्यात.

मुख्य धुणी रसायन, उष्णता, घुसळण आणि वेळ या चार गोष्टींवर अवलंबून असते. हेर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये त्यांची मांडणी एका वर्तुळात केली: एक गोष्ट कमी पडली, तर दुसरी वाढवून भरपाई करता येते. इंधन तुटीचे असेल, तर कपडे जास्त वेळ भिजवावेत. पाणी जड असेल, तर सोडा वाढवावा. साबण वाढवून मात्र वेळ वाचवू नये, कारण तो निघण्यास जास्त पाणी लागते, आणि कपड्यात राहिलेला साबण आधीच भिजून नाजूक झालेल्या त्वचेला खाज आणतो. खरजेच्या रुग्णाचे कपडे आणि अंथरूण किमान ६० अंशांच्या पाण्यात धुवावे. जे धुता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे.

अतिसाराच्या रुग्णाचे कपडे झटकू नयेत आणि छावणीतून उघडे नेऊ नयेत. न गळणाऱ्या वेगळ्या रंगाच्या पिशवीत बांधून आणावेत, मळ काढून डिटर्जंटने धुवावेत, मग ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास बुडवून स्वच्छ पाण्यातून काढावेत. ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असल्यास त्याचा एक भाग ९९ भाग पाण्यात घातला की हे द्रावण होते. ते रोज ताजे करावे. क्लोरीनने लोकर आणि रेशीम खराब होते. क्लोरीनमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पावसाळ्यात खरी अडचण धुण्याची नसते, वाळवण्याची असते. हाताने पिळलेल्या कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतके पाणी राहते, यंत्राने जोरात फिरवल्यावर सुमारे निम्मे. तीनशे किलो कपड्यांतले हे दीडशे लिटर पाणी उडवायला शंभराच्या आसपास युनिटे उष्णता लागते, म्हणून पिळणारे यंत्र हेच वाळवण्याचे सर्वांत स्वस्त साधन ठरते. पुढे बंद तंबू नुसता तापवून उपयोग होत नाही. हवा दमट झाली की कपडे ओलेच राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. खालून गरम हवा आत यावी, वरच्या झरोक्यातून दमट हवा बाहेर पडावी आणि पंखे सतत चालू राहावेत. गॅसची किंवा कोळशाची शेगडी तंबूत ठेवू नये. उष्णता बाहेर तयार करून नळकांड्याने आत आणावी. दोऱ्यांत हातभर अंतर राखावे. मुंबईच्या महालक्ष्मी धोबीघाटावर दोन पेडांच्या पिळाच्या दोऱ्या असतात. त्यांच्या पेडांत कपड्याचे टोक अडकते आणि चिमट्यांची गरज उरत नाही. छावणीत ही युक्ती जशीच्या तशी चालते. ओलसर कपड्याची घडी कधीही घालू नये.

सगळे कपडे लाँड्रीत येणार नाहीत, आणि यावेत असा आग्रहही धरू नये. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी महिन्याला २०० ग्रॅम धुण्याचा साबण आणि दर शंभर माणसांमागे हाताने कपडे धुण्याची एक जागा सांगितली आहे. स्त्रियांना आतले कपडे आणि पाळीची फडकी धुण्यासाठी व वाळवण्यासाठी आडोशाची, उजेड आणि वारा असलेली वेगळी जागा द्यावी. ती नसली, की फडकी ओलीच वापरली जातात आणि त्यातून आजार वाढतो. कपडे घेण्या-देण्याच्या टेबलावर एक तरी बाई असावी.

धुण्याचे सांडपाणी छावणीच्या वाटेवर सोडू नये. आधी गाळ बसेल असा खड्डा, मग शोषखड्डा अशी जोड करावी. कोकणातल्या जांभ्यात पाणी लवकर जिरते. सांगली-कोल्हापूरच्या काळ्या मातीत ते जिरत नाही, तिथे लांब चर खणावा किंवा टाकीत साठवून टँकरने न्यावे. शेवटच्या खळबळणीचे पाणी गाळाच्या पहिल्या धुणीला वापरले, तर रोजच्या पाण्यात मोठी बचत होते.

काम करणाऱ्यांना गमबूट, जाड हातमोजे आणि ॲप्रन द्यावेत. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस होतो. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. हातापायांवर जखम असलेल्याला मळक्या बाजूला कामाला लावू नये, आणि प्रतिबंधक गोळ्यांबाबत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गावातल्या परिटांना मजुरी देऊन कामावर घ्यावे. कोणते कापड काय सोसते हे त्यांना ठाऊक असते, शिवाय पुराने त्यांचाही धंदा बुडालेला असतो. मोफत लाँड्रीने त्यांची गिऱ्हाइके तोडू नयेत, म्हणून त्यांच्या भट्ट्या पुन्हा पेटू लागल्या की लाँड्रीचे काम टप्प्याटप्प्याने कमी करावे.

बंद करण्याची तारीख आठ दिवस आधी फलकावर लिहावी. न नेलेल्या कपड्यांची क्रमांकवार यादी करून ते ग्रामपंचायतीकडे पावती घेऊन सोपवावेत. यंत्रे आणि नळ्यांतले पाणी पूर्ण काढावे, टाक्या क्लोरीनने धुवाव्यात, खड्डे आणि चर बुजवावेत. रोज किती किलो कपडे आले, किती पाणी आणि गॅस लागला, काय बिघडले याची वही नीट जपून ठेवावी. पुढच्या पुराच्या वेळी आखणी तिच्यावरूनच करता येते.