जुन्या जीपला जादा दिवे जोडताना

प्रश्न : माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपला 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे बसवायचे आहेत. हेडलाइटच्याच वायरला जोडले तर चालेल का?
– एक वाचक, भोर

उत्तर : मुळीच नको. 12 व्होल्टवर हे दोन दिवे 9 अँपिअरहून जास्त करंट ओढतात. जुनी वायर आणि स्विच तापून आग लागू शकते. रिले वापरा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पॉझिटिव्हपासून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेऊन बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज घाला आणि ती रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनला जोडा. 87 वरून दिव्यांना वायर न्या. हाय बीमची वायर डॅशबोर्डवरच्या स्विचमधून 86 ला द्या, 85 अर्थ करा. म्हणजे लो बीमवर येताच जादा दिवेही विझतील. काही गाड्यांत हेडलाइटचं स्विचिंग अर्थच्या बाजूने असतं, म्हणून जोडणीपूर्वी टेस्ट लॅम्पने खात्री करा.

अर्थ देताना रंग आणि गंज खरवडून स्वच्छ पत्र्यावरच नट आवळा; दिवे मंद जळण्याचं ते नेहमीचं कारण आहे. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट विसरू नका.

घाटात समोरून गाडी दिसली, की लगेच लो बीमवर या. समोरच्या चालकाचे डोळे दिपले, तर धोका दोघांनाही आहे.