गॅरेजचं यंत्र गुरगुरतं, दार मात्र हलत नाही

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीतल्या एडिसनला जुनं घर घेतलंय. आम्ही दोघं सध्या तिथेच आहोत. गॅरेजचं दार वर उचलणारं यंत्र छताला टांगलेलं आहे. बटण दाबलं की ते गुरगुरतं, साखळी जागची हलत नाही. झाकण काढून पाहिलं तर आत पांढऱ्या प्लॅस्टिकचा भुगा. पट्टीवर साल १९८९. मेकॅनिक आला आणि पाच मिनिटांत ‘नवं घ्या’ म्हणून मोकळा झाला. पुण्यात मिक्सरला नवी वाइंडिंग करून घेणारी माणसं आम्ही, आम्हाला हे पचत नाही. दुरुस्त होण्यासारखं यंत्र फेकायचं का?
– एक आजोबा, एडिसन

उत्तर : यंत्र दुरुस्त होईल, तुमचा अंदाज बरोबर आहे. तरीही ते बदला. फक्त कारण वेगळं आहे, आणि ते मेकॅनिकने तुम्हाला सांगायला हवं होतं.

आधी भुग्याबद्दल. अशा यंत्रात मोटरच्या दांड्यावर धातूचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असतो, तो नायलॉनचा गिअर फिरवतो आणि गिअर साखळी ओढतो. धातू आणि नायलॉन एकमेकांवर घासले की झिजतं नायलॉनच. दात गुळगुळीत झाले की मोटर फिरत राहते आणि साखळी ढिम्म. गिअरचा किट वीस-तीस डॉलरांच्या आसपास मिळतो, ग्रीस लावून बसवणं हे हात चालणाऱ्या माणसाचं एका दुपारचं काम. (मोटर नुसती गुरगुरते आणि फिरतच नाही, असं असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तोही स्वस्तातलाच.) मग मेकॅनिकला घाई का? अमेरिकेत सुट्या भागापेक्षा माणसाचा तास महाग. शिवाय आज गिअर बदलला आणि दोन महिन्यांनी सर्किट बोर्ड गेला, तर बोल त्यालाच. यात लबाडी असेलच असं नाही.

आता तुमच्या पट्टीवरचं साल बघा. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती यंत्रांना कायद्याने जादा सुरक्षा सक्तीची झाली. बहुतेक कंपन्यांनी ती दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन डोळे बसवून दिली. एक किरण सोडतो, दुसरा झेलतो. दार खाली येताना मधे मूल, मांजर किंवा सायकल आली की दार उलट वर जातं. हा नियम आला तो लहान मुलं दाराखाली सापडून दगावली म्हणून. १९८९ च्या यंत्राला हे डोळे नाहीत. नंतर बाजारातून आणून जोडले तरी काम भागत नाही, कारण नव्या यंत्रात डोळ्याची तार तुटली तर दार आपोआप खाली यायलाच नकार देतं. जुन्या यंत्राला ही अक्कल नाही. घरात नातवंडं असतील तर मला यात दुसरा पक्षच दिसत नाही.

रिमोटचीही कथा आहे. तुमच्या रिमोटच्या आत बारीक खटक्यांची रांग असेल, तर त्याचा संकेत कायम एकच. २०१५ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने मॅटेल कंपनीच्या एका जुन्या खेळण्यात फेरफार करून असे ठरावीक संकेतांचे दरवाजे दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवले. नव्या रिमोटचा संकेत दर दाबणीला बदलतो. चोर खेळणं घेऊन एडिसनला येईल असं मी म्हणत नाही, पण गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दाराला कुलूप लावायचं अनेकांना सुचत नाही.

हेच यंत्र २००५ चं असतं, तर मी म्हणालो असतो, गिअर बदला आणि खुशाल वापरा.

एक गोष्ट मात्र नवं घेण्याआधी तपासाच, नाहीतर नव्या यंत्राचाही भुगा होईल. दार पूर्ण बंद असताना यंत्राची लाल दोरी ओढा, म्हणजे दार यंत्रापासून सुटं होईल. ते हाताने कमरेइतकं उचला आणि हळूच सोडा, हात जवळच ठेवून. दार तिथेच थांबलं तर ठीक. धपकन खाली यायला लागलं तर दोष स्प्रिंगचा. दोन गाड्यांचं दार सहज दीडशे पौंडांवर जातं. ते उचलते खरी स्प्रिंग. यंत्र फक्त ढकलतं. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप होईल या हिशोबाने बनते. दिवसाला चारदा धरलं तर जेमतेम सात वर्षं. मेलेल्या स्प्रिंगचं ओझं वर्षानुवर्षं उचलूनच गिअरचे दात जातात. दोरी ओढताच दार जड लागलं तर चाचणी तिथेच सोडा. आणि दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली ती स्प्रिंग स्वतः सोडवू नका. तिच्यातला ताण माणसाची बोटं, मनगट मोडू शकतो. मिक्सरचा अनुभव इथे कामाचा नाही.

नवं घेताना बॅटरी असलेलं बघा. २०१७ च्या वणव्यांत कॅलिफोर्नियात वीज गेली आणि काही लोकांना गॅरेजची दारं उघडेनात, म्हणून तिथे जुलै २०१९ पासून नव्या यंत्रात बॅटरी सक्तीची आहे. न्यू जर्सीत तशी सक्ती नाही, पण तिथल्या हिमवादळांत वीज जातेच. वर झोपायची खोली असेल तर साखळीऐवजी पट्ट्याचं घ्या, आवाज फार कमी.

काम झालं की लगेच बिल देऊ नका. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवून मेकॅनिकलाच दार बंद करायला सांगा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांत दार परत वर गेलं पाहिजे. गेलं नाही, तर त्याच्याकडून तिथल्या तिथे नीट करून घ्या.