प्रवेश परीक्षेची तयारी : गणित, वाचन आणि व्याकरण

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांत गणित, उताऱ्याचे आकलन आणि व्याकरण यांचे विभाग वेगवेगळे असतात. तिन्हींचा सराव मात्र एकमेकांना धरूनच करावा लागतो. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरीसारख्या गावांतून परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा अनुभव हेच सांगतो. सूत्र पाठ असते, आकडेमोडही जमते आणि तरी गुण जातात, कारण प्रश्नात नेमके काय विचारले आहे ते निसटते.

परीक्षेनुसार सरावाचे प्रमाण बदलते. अभियांत्रिकीसाठीच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. प्रत्येकाला 2 गुण आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 मध्ये सुरू झालेल्या सीयूईटीत भाषांच्या यादीत मराठीही आहे. 2025 च्या स्वरूपानुसार तिच्या प्रत्येक विषयात 60 मिनिटांत 50 प्रश्न, बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकीला 1 गुण वजा असा हिशेब आहे. बीबीए, बीसीएसाठी राज्याची सीईटी 2024 पासून होऊ लागली. तिच्या 100 प्रश्नांपैकी 40 इंग्रजीचे असून एकूण वेळ 90 मिनिटे. स्वरूप बदलू शकते, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका आधी वाचावी आणि मगच सरावाची पुस्तके घ्यावीत.

ग्रामीण विद्यार्थ्याची खरी अडचण भाषेच्या वाटेवर असते. घरी वऱ्हाडी किंवा तांड्यावर गोरमाटी, शाळेत प्रमाण मराठी आणि अकरावी विज्ञानाला इंग्रजी पुस्तके, असा हा प्रवास आहे. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रासाठी मराठीचा पर्याय मिळतो. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र केवळ इंग्रजीत असते. त्यामुळे गणिताच्या सरावात इंग्रजी वाचनाचा सराव आपोआप येतो. तो टाळून फक्त सूत्रांच्या मागे लागणाऱ्याला ऐन परीक्षेत प्रश्न दोनदोनदा वाचावा लागतो आणि वेळ तिथेच संपतो.

उदाहरणार्थ, एक नाणे तीनदा उडवले, तर किमान दोनदा छापा पडण्याची संभाव्यता 1/2 येते. ‘बरोबर दोनदा’ असे विचारले, तर उत्तर 3/8. ‘जास्तीत जास्त दोनदा’ असेल, तर 7/8. इंग्रजी प्रश्नात हा फरक ‘ॲट लीस्ट’, ‘एक्झॅक्टली’ आणि ‘ॲट मोस्ट’ एवढ्याच शब्दांवर असतो आणि ही तिन्ही उत्तरे पर्यायांत शेजारी शेजारी दिलेली असू शकतात. म्हणून अशा शब्दांची वेगळी वही करावी. ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘कॉन्सिक्युटिव्ह’ हे शब्दही तिच्यात यावेत. प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबर एक सोडवलेला प्रश्न लिहावा.

टक्केवारीतही हेच घडते. सोयाबीनचा भाव 4000 रुपये क्विंटलवरून 20 टक्क्यांनी चढला आणि मग 20 टक्क्यांनी उतरला, तर तो 4000 वर परत येत नाही. आधी 4800 होतो आणि मग 3840. दुसरे 20 टक्के 4800 चे आहेत. ‘टक्के कशाचे?’ हे आधी लिहून घेण्याची सवय लागली की नफा-तोटा, सूट आणि व्याज या प्रकरणांतल्या बऱ्याच चुका थांबतात.

गणिताचा सराव तीन टप्प्यांत करावा. आधी एकेका प्रकरणाचे प्रश्न घड्याळ न लावता, नंतर मिश्र प्रश्न, शेवटी वेळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका. एमएचटी-सीईटीत गणिताच्या एका प्रश्नाला सरासरी 1 मिनिट 48 सेकंद मिळतात, सीयूईटीत 72 सेकंद आणि बीबीए-बीसीए सीईटीत 54 सेकंद. कोणता प्रश्न सोडून पुढे जायचे, हे ठरवण्याचाही सराव लागतो. पहिल्या वाचनात रीत सुचली नाही, तर खूण करून पुढे जावे.

उताऱ्याच्या प्रश्नांत मराठी माध्यमाचा विद्यार्थी शब्दार्थांना घाबरतो. प्रत्यक्षात फसवतात ते पर्याय. ‘जलसंधारणाची कामे झाल्यावर गावातल्या विहिरींची पातळी वाढली’ असे उताऱ्यात असेल, तर ‘केवळ जलसंधारणामुळेच पातळी वाढली’ हा पर्याय उताऱ्याच्या पुढे जातो. ‘पाणी जपून वापरावे’ हे विधान योग्य असले, तरी ते उताऱ्यात नाही. सरावात प्रत्येक उत्तराला आधार देणारे वाक्य शोधून त्याखाली रेघ मारावी. ज्या उत्तराला असे वाक्य सापडत नाही, तो अंदाज समजावा. रोज वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचून त्याचा मुद्दा दोन ओळींत लिहिला, तर शीर्षक आणि सारांशाचे प्रश्न सोपे जातात. एक दिवस मराठी आणि एक दिवस इंग्रजी असा क्रम ठेवावा.

इंग्रजी व्याकरणात मराठी वाक्याची घडण आड येते. मराठीत ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ या दोन्हींना एकच प्रत्यय चालतो, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ लिहिले जाते. कालावधीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ हा नियम आहे. ‘विषयी चर्चा केली’ या सवयीतून ‘डिस्कस्ड अबाउट’ येते. तिथे ‘अबाउट’ नको. ‘वन ऑफ द फार्मर्स’ नंतर क्रियापद एकवचनी, कारण कर्ता ‘वन’ आहे. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरते : ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

मराठी भाषेचा पेपर निवडणाऱ्यानेही व्याकरण गृहीत धरू नये. वऱ्हाडीतले ‘मले’ किंवा ‘पानी’ बोलीत अचूकच आहे. परीक्षेत मात्र प्रमाण रूप अपेक्षित असते. प्रयोग ओळखताना क्रियापद कोणाप्रमाणे बदलते ते पाहावे. ‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलीने पोळी खाल्ली’ यांत ते कर्माप्रमाणे बदलते, म्हणून प्रयोग कर्मणी.

चुकलेल्या प्रश्नांची वही हा सगळ्या सरावाचा कणा आहे. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : संकल्पना कच्ची, आकडेमोड चुकली की प्रश्न चुकीचा वाचला. महिन्याभरात तिसऱ्या रकान्यात जास्त नोंदी झाल्या, तर नवे पुस्तक आणून काही साधणार नाही. वाचनाचा वेळ वाढवावा. या परीक्षा संगणकावर होतात. पडद्यावर रेघ मारता येत नाही, म्हणून अधूनमधून अधिकृत संकेतस्थळांवरच्या सराव चाचण्या पडद्यावर सोडवाव्यात.

वर्षाचे नियोजन शेतीच्या हंगामाकडे पाहून करावे. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रोज अर्धा तास व्याकरण आणि शब्दांची वही पुरे. मोठ्या चाचण्या पावसाळ्यात किंवा हंगाम सरल्यावर ठेवाव्यात. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग सुमारे 20 टक्के असतो. बारावीच्या लेखी परीक्षेनंतर उरणाऱ्या थोड्या आठवड्यांत तो उकरून काढणे जड जाते, म्हणून त्याची उजळणी दिवाळीपर्यंत संपवावी.

उत्तर येत नसेल, तेव्हा काय करायचे हेही आधी ठरलेले असावे. एमएचटी-सीईटीत गुणकपात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. सीयूईटीत चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तर सरासरी अर्धा गुण हाती येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर एक गुण. म्हणून तिथे आधी पर्याय बाद करावेत आणि मग उत्तर द्यावे.