पाणी आलं की वायफाय का मंदावतं?

प्रश्न : आमचं घर गुलमंडीजवळ, जुन्या बांधणीचं. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या कपाटात आहे. मुलगी मागच्या खोलीत ऑनलाइन क्लास करते. नळाला पाणी येऊन गेलं की एक-दोन दिवस तिथे वायफाय रडतं, मग हळूहळू सुधारतं. मधल्या बोळीत आमच्या पाण्याच्या टाक्या आहेत. घरातले मला हसतात. पण याचा पाण्याशी खरंच संबंध असेल का? आणि असेल, तर ते पाणी प्यायला चालतं ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असा प्रश्न रोज पाणी येणाऱ्या गावातून आला नसता. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरींनी पाणी खेळवलेल्या या शहरात आज जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून घरोघर टाक्या. आणि तुमच्या घरातल्या टाक्या नेमक्या वायफायच्या वाटेत उभ्या दिसतात.

पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर सव्वा सेंटिमीटर पाण्यातून गेली की तिची ताकद जवळपास निम्मी होते, पुढच्या सव्वा सेंटिमीटरला त्या निम्म्याची निम्मी. हातभर पाण्यापलीकडे हाती काही लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचं तर याहून वाईट. रिकामी प्लास्टिकची टाकी मात्र लहरींना जवळजवळ जाणवतही नाही. म्हणजे पाणी भरलं की बोळीत भिंत उभी राहते आणि तुम्ही पाणी वापराल तशी ती खाली येते. ‘हळूहळू सुधारतं’ हे तुम्ही लिहिलंत, त्यामुळेच माझा संशय टाक्यांवर आहे. (स्टीलचं पिंप असेल तर ते भरलेलं असो की रिकामं, सारखंच अडवतं.)

जुन्या घरांच्या दगड-विटांच्या जाड भिंती आधीच बरंचसं गिळतात. अशा घरात सिग्नल दारं-खिडक्यांतून, भिंतींवर आपटत वळसे घेत मागे पोचतो. तुमच्याकडे तो बहुधा बोळीतूनच जात असावा.

पिण्याबद्दल निर्धास्त राहा. मायक्रोवेव्ह ओव्हन वायफायच्याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो म्हणून अशी शंका येते. पण ओव्हन सात-आठशे वॅट ओततो, राउटरचा अँटेना साधारण वॅटचा दहावा भाग. टाकीतलं पाणी त्याने कोमटही होत नाही.

आता खात्री करा. टाक्या भरलेल्या असताना राउटरशेजारी उभं राहून फोनवर स्पीड तपासा. तिथेही मंद असेल तर टाक्यांना सोडा आणि केबलवाल्याला बोलवा. फायबर जोडलेल्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर फायबरच तुटली किंवा वाकली आहे. राउटरजवळ झकास आणि मागे रड, असं असेल तर दोष जागेचा. आणखी एक शक्यता पाहून ठेवा. पाणी आलं की गल्लीत सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि जुना अॅडॉप्टर असेल तर राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. तेव्हा त्याचे दिवे विझून परत लागतात. पण तो त्रास मोटरपुरता. तुमच्यासारखा दोन दिवस रेंगाळत नाही.

उपाय फुकटापासून सुरू करा. राउटर कपाटातून काढा. केबलवाल्याने वायर जिथे संपली तिथे तो ठेवला, याचा अर्थ ती योग्य जागा असा नव्हे. टाक्यांच्या उंचीपेक्षा वर, बोळीच्या तोंडाशी भिंतीवर लावा. फायबर वाढवायला केबलवाला लागेल, ती स्वतः ओढू नका. मुलीचा फोन किंवा लॅपटॉप २.४वर जोडून पाहा; वेग कमी मिळेल, पण जाड भिंतीपलीकडे तोच पट्टा जास्त पोचतो.

एवढ्याने भागलं नाही तर बाजारातला रिपीटर घेण्याची घाई नको. बोळीपलीकडे लावला तर त्यालाही तुमच्यासारखाच अर्धामुर्धा सिग्नल मिळणार आणि तोच तो पुढे देणार. त्यापेक्षा छताकडेने लॅन केबल मागच्या खोलीत न्या. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. घरात जुना राउटर पडला असेल तर तिच्या टोकाला तो लावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट’ मोड निवडा. तो नसेल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, डीएचसीपी बंद करा आणि वायर ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या खाचेत घाला.